लिनक्सवर सर्व वापरकर्त्यांसाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: कोणत्या फाइलीत लिहावे आणि का

मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांनी विचारलेला हा प्रश्न आहे. प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर उबुंटू हे लिनक्सचे वितरण आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला मिळणारी नाव आणि मूल्य यांची जोडी. जावाची डिरेक्टरी सांगणारे जावा_होम, पाथमध्ये (कमांड जेथे शोधल्या जातात त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत) एक जादा डिरेक्टरी, महाविद्यालयाच्या नेटवर्कची प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाणारा मधला सर्व्हर) आणि मराठी लोकॅल (भाषा, तारीख, वर्णक्रम यांची मांडणी), या चार गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याला लॉगिन करताच मिळाव्यात, अशी त्यांची अपेक्षा आहे. त्यांनी आधी आपल्या होम डिरेक्टरीतील बॅशआरसी फाइलीत (बॅश हा कमांड स्वीकारणारा शेल ती वाचतो) या ओळी लिहिल्या, त्या फक्त त्यांच्याच खात्यात चालल्या. मग त्याच ओळी /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट या फाइलीत घातल्या. आता टर्मिनलमध्ये सगळे दिसते, परंतु टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरची सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) जावा_होम मिळत नाही म्हणून बंद पडते आणि रात्री क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रामने) चालणाऱ्या बॅकअपला पाथमधील नवी डिरेक्टरी सापडत नाही. ‘संपूर्ण सिस्टमसाठी व्हेरिएबल एकदाच, एकाच ठिकाणी कुठे लिहायचे?’ असे त्यांनी विचारले आहे.

या उत्तरात फाइलींची नावे आणि कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत लिहायच्या असून जावा_होम, पाथ, लँग अशी व्हेरिएबलची नावे मोठ्या अक्षरांत लिहायची आहेत.

अशी एकच जागा लिनक्समध्ये नाही, आणि हे एकदा नीट समजले की आपल्या दोन्ही अडचणींचे कारण आपोआप उलगडते. विंडोजमध्ये सर्व वापरकर्त्यांची व्हेरिएबल रजिस्ट्रीत एका ठरलेल्या जागी असतात. लिनक्सच्या कर्नलकडे (गाभ्याकडे) सिस्टमभर लागू असलेल्या व्हेरिएबलची अशी कोणतीही यादी नसते. नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांचा एक संच प्रत्येक प्रोसेसकडे, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामकडे, स्वतंत्रपणे असतो. एखादी प्रोसेस नवा प्रोग्राम सुरू करते, तेव्हा एक्झेकव्हीई या सिस्टम कॉलमधून ती हा संच पुढे देते. घरून निघणाऱ्या मुलाला शिदोरी बांधून द्यावी, तसे हे आहे: निघताना जे बांधून दिले तेच त्याच्याजवळ असते, नंतर घरात काय शिजले याचा त्याला पत्ता नसतो आणि त्याने वाटेत काय विकत घेतले हे घरी कळत नाही. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही पद्धत अशीच चालत आली आहे. म्हणूनच एखाद्या फाइलीत नवी ओळ लिहिल्याने आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसमध्ये काहीही बदलत नाही, आणि टर्मिनलमध्ये दिलेली एक्सपोर्ट ही कमांड त्या शेलपुरती व त्यातून पुढे सुरू होणाऱ्या प्रोग्रामपुरतीच मर्यादित राहते.

त्यामुळे ‘सिस्टमभर लागू करायचे आहे’ असे म्हणताना आपण खरे तर असे म्हणत असतो की, ज्या ज्या वाटेने या संगणकावर नवी प्रोसेस सुरू होते, त्या प्रत्येक वाटेच्या उगमाशी हे मूल्य हजर असले पाहिजे. या वाटा मोजक्याच आहेत: माणसाने केलेले लॉगिन, सिस्टमडीने (बूटपासून सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) सुरू केलेली सर्व्हिस, क्रॉनने चालवलेले काम आणि सुडोने (दुसऱ्या वापरकर्त्याच्या, सहसा रूट या प्रशासकाच्या, अधिकारात कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने) बदललेला वापरकर्ता. एखादे व्हेरिएबल दिसत नाही असे आढळले, की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: ही प्रोसेस कोणी सुरू केली? त्याचे उत्तर मिळाले की कोणती फाइल उघडायची हे वेगळे शोधावे लागत नाही.

माणसाच्या लॉगिनपासून सुरुवात करू. /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट ही फाइल शेल वाचत नाही. ती पॅम या प्रमाणीकरण व्यवस्थेतील पॅम_एन्व्ह नावाचे मॉड्यूल वाचते. यामुळे एक मोठा फायदा होतो. वापरकर्त्याचा शेल बॅश असो, झेडशेल असो किंवा फिश, आणि तो ग्राफिकल पडद्यावरून आत आलेला असो किंवा एसएसएचवरून (दूरच्या संगणकावर जाण्याच्या सोयीवरून), लॉगिन पॅममधून गेले की मूल्य मिळतेच. एसएसएचला थेट एखादी कमांड देऊन ती दूरच्या संगणकावर चालवली, तर लॉगिन शेल (लॉगिनच्या वेळी सुरू होणारा शेल) उघडतच नाही आणि त्याची /ईटीसी/प्रोफाइल ही फाइल वाचली जात नाही, पण पॅम मात्र चालते. म्हणून साधी, स्थिर मूल्ये या फाइलीत लिहावीत असे माझे मत आहे, आणि आपली निवड त्या अर्थाने योग्यच होती.

मात्र ही फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट नव्हे, याचे भान सतत ठेवावे लागते. तिच्यात प्रत्येक ओळीवर नाव, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य एवढेच असते. डॉलर चिन्ह लावून दुसऱ्या व्हेरिएबलचे मूल्य घालण्याचा प्रयत्न केल्यास ते उलगडले जात नाही. पाथच्या ओळीत डॉलर-पाथ असे लिहिले, तर पाथमध्ये अक्षरशः तेवढीच अक्षरे जाऊन बसतात, आणि पुढच्या लॉगिननंतर एलएस ही साधी कमांडसुद्धा सापडत नाही. अटी, लूप, दुसऱ्या कमांडचा निकाल, यांपैकी काहीही येथे चालत नाही. हॅश चिन्हापासून पुढचा भाग टिप्पणी समजून गाळला जाऊ शकतो, म्हणून ज्या मूल्यात हॅश आहे ते येथे लिहू नये. आणखी एक गफलत नेहमी पाहायला मिळते. फाइल बदलल्यावर लगेच परिणाम दिसावा म्हणून लोक सोर्स कमांडने ती चालू शेलमध्ये वाचतात. तिच्यातील ओळींना एक्सपोर्ट लावलेले नसल्याने मूल्य शेलला कळते, पण त्या शेलमधून सुरू केलेल्या प्रोग्रामपर्यंत ते पोहोचत नाही, आणि माणूस बुचकळ्यात पडतो. बदल तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे बाहेर पडून पुन्हा लॉगिन करणे.

जेथे मूल्य काही अटींवर अवलंबून आहे, किंवा आधीच्या मूल्यात भर घालायची आहे, तेथे /ईटीसी/प्रोफाइल.डी या डिरेक्टरीत आपली स्वतंत्र फाइल ठेवावी. मूळ /ईटीसी/प्रोफाइलला हात लावू नये, कारण ती वितरणाच्या पॅकेजची फाइल आहे आणि आपले बदल तिच्यापासून वेगळे ठेवलेले बरे. आपल्या फाइलीच्या नावाचा शेवट टिंब-एसएच असा असावा, ती सर्वांना वाचता यावी. चालवण्याची परवानगी देण्याची गरज नाही. तिच्यात बॅशच्या खास सोयी वापरू नयेत, कारण उबुंटूवर हीच फाइल डॅशसारखा साधा शेलही वाचू शकतो. आणि तिच्यात एक्झिट ही कमांड कधीही लिहू नये. ही फाइल वेगळी प्रोसेस म्हणून चालत नाही, ती लॉगिन शेलच्या आतच वाचली जाते, त्यामुळे एक्झिटने थेट तो शेलच बंद होतो आणि त्या संगणकावर कोणालाच आत येता येत नाही.

प्रोफाइल.डी फक्त लॉगिन शेलसाठी आहे. ग्नोम या ग्राफिकल डेस्कटॉपमध्ये टर्मिनलची खिडकी उघडली की येणारा बॅश सहसा लॉगिन शेल नसतो. तो /ईटीसी/बॅश.बॅशआरसी आणि मग घरची बॅशआरसी वाचतो. प्रोफाइल.डीमधील मूल्ये त्याला दिसली, तर ती त्याने वाचली म्हणून नव्हे, तर ग्राफिकल सत्र सुरू होतानाच ती वाचली गेली आणि वारशाने खाली आली म्हणून दिसतात. फेडोरा या दुसऱ्या वितरणावर मात्र /ईटीसी/बॅशआरसी स्वतःच प्रोफाइल.डीमधील फाइली लॉगिन नसलेल्या शेलसाठीही वाचते. एकाच सूचनेचा परिणाम दोन संगणकांवर वेगळा दिसतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. उबुंटू ज्यावर आधारलेले आहे त्या डेबियनवर आणखी एक फरक आहे: तेथील /ईटीसी/प्रोफाइल पाथला स्वतःचे मूल्य देते, त्यामुळे /ईटीसी/एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहिलेला पाथ लॉगिन शेलमध्ये पुसला जातो. उबुंटूच्या प्रोफाइलमध्ये ती ओळ नाही.

ग्राफिकल सत्राविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण जुनी पुस्तके येथे अपुरी पडतात. आजच्या ग्नोममधील बरेच प्रोग्राम, अगदी टर्मिनलचा सर्व्हरसुद्धा, वापरकर्त्याच्या स्वतःच्या सिस्टमडी मॅनेजरकडून सुरू होतात. हा मॅनेजर /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट.डी या डिरेक्टरीतील टिंब-कॉन्फ नावाच्या फाइली वाचतो. २०१७ साली सिस्टमडीच्या २३३व्या आवृत्तीत आलेली ही सोय उपयुक्त आहे, कारण तिच्यात डॉलर आणि महिरपी कंस वापरून दुसऱ्या व्हेरिएबलचे मूल्य घेता येते. नावात साधर्म्य असले तरी ही डिरेक्टरी /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट या फाइलीहून वेगळी आहे. शिवाय वापरकर्ता बाहेर पडल्यावर हा मॅनेजर काही सेकंद जिवंत राहतो, आणि त्याच वापरकर्त्याचे दुसरे एखादे सत्र उघडे असेल तर चालूच राहतो. घाईने बाहेर पडून पुन्हा आत येणाऱ्याला जुनेच मूल्य दिसते ते यामुळे. प्रयोगशाळेत अशा वेळी संगणक एकदा रीस्टार्ट करावा. त्यात वेळ थोडा जातो, पण शंकेला जागा राहत नाही.

आता टॉमकॅट. सिस्टमच्या सर्व्हिस सिस्टमडी स्वतः सुरू करतो. त्या कोणत्याही लॉगिनमधून जात नाहीत, म्हणून /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट, प्रोफाइल.डी आणि बॅशआरसी या तिन्ही त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. एखादे युनिट (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणारी फाइल) यांपैकी एखादी फाइल मुद्दाम वाचत असेल तेवढाच अपवाद. आपण टॉमकॅट टर्मिनलमधून हाताने सुरू केला तेव्हा तो चालला आणि बूटच्या वेळी पडला, ही तक्रार या कारणाने अत्यंत स्वाभाविक आहे. आधी सिस्टमसीटीएल कॅट ही कमांड त्या सर्व्हिसच्या नावासह देऊन युनिट फाइल नीट वाचावी, कारण डेबियन आणि उबुंटूची अनेक पॅकेजे /ईटीसी/डिफॉल्टमधील स्वतःची फाइल वाचतात आणि तसे असल्यास मूल्य तेथेच लिहिणे उत्तम. नसल्यास सुडोने सिस्टमसीटीएल एडिट चालवावे. त्यातून /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम या डिरेक्टरीत त्या सर्व्हिसच्या नावाची, टिंब-डी शेवट असलेली उपडिरेक्टरी तयार होते आणि तिच्यात ओव्हरराइड.कॉन्फ ही फाइल राहते. चौकटी कंसात सर्व्हिस असे शीर्षक लिहून त्याखाली पुढील ओळ द्यावी:

एन्व्हायर्नमेंट="जावा_होम=/यूएसआर/लिब/जेव्हीएम/डिफॉल्ट-जावा"

अवतरणचिन्हे पूर्ण जोडीला लावावीत. मूल्यात मोकळी जागा असली तरी मग ते तुटत नाही. येथे टक्के चिन्हाला विशेष अर्थ आहे, म्हणून मूल्यात टक्के असल्यास ते दोनदा लिहावे लागते. प्रॉक्सीच्या पत्त्यात ‘@’ हे चिन्ह टक्के आणि अंक वापरून लिहिणाऱ्यांना हे हमखास अडते. व्हेरिएबल बरीच असतील तर त्यांची वेगळी फाइल करून एन्व्हायर्नमेंटफाइल या निर्देशाने तिचा मार्ग द्यावा. मार्गाच्या आधी उणे चिन्ह घातले की फाइल नसली तरी सर्व्हिस अडत नाही. ओळ लिहून झाल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करावी. एडिट कमांड युनिट पुन्हा वाचण्याचे काम आपणहून करते, पण फाइल हाताने लिहिली असल्यास डीमन-रीलोड द्यायला विसरू नये.

सर्वच सर्व्हिसना एक मूल्य द्यायचे असेल तर /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम.कॉन्फमध्ये डिफॉल्टएन्व्हायर्नमेंट हा निर्देश आहे आणि त्यानंतर सिस्टमसीटीएल डीमन-रीएक्झेक चालवावे लागते. मी तो अगदी क्वचित वापरतो. जे मूल्य दोन सर्व्हिसना हवे आहे ते उरलेल्या सगळ्यांच्या माथी मारल्याने पुढे कधीतरी एखादा प्रोग्राम अनपेक्षितपणे वागतो आणि त्याचे मूळ शोधताना हा निर्देश कोणाच्याही लक्षात येत नाही. आणि पासवर्ड किंवा गुप्त किल्ली तर येथे कधीच लिहू नये: युनिटमधील एन्व्हायर्नमेंटची मूल्ये त्या संगणकावरचा कोणताही साधा वापरकर्ता सिस्टमसीटीएल शो कमांडने वाचू शकतो. अशा गोष्टींसाठी २०२० साली आलेल्या सिस्टमडीच्या २४७व्या आवृत्तीपासून लोडक्रेडेन्शियल हा स्वतंत्र निर्देश उपलब्ध आहे.

वरच्या ओळीतील डिफॉल्ट-जावा ही मुद्दाम केलेली निवड आहे. डेबियन आणि उबुंटूवर डिफॉल्ट जावाचे पॅकेज बसवले की हा सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या मार्गाकडे नेणारी खूण) तयार होतो आणि वितरणाने ठरवलेल्या जावाकडे बोट दाखवतो. आवृत्तीचा आकडा असलेला मार्ग लिहिला, तर जावा बदलल्यानंतर तो मार्ग नाहीसा होतो आणि ऐन प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात मेव्हन हे जावाचे बिल्ड साधन चालेनासे होते. मात्र अपडेट-ऑल्टरनेटिव्हज कमांडने जावा बदलल्यास /यूएसआर/बिनमधील जावा बदलते, डिफॉल्ट-जावा बदलत नाही. प्रयोगशाळेत दोन आवृत्त्या ठेवल्या असतील तर या दोन्हींचा मेळ आहे की नाही, हे तपासून घ्यावे.

क्रॉनचा प्रश्न निराळा आहे. उबुंटूवरील क्रॉन पॅममधून जातो, म्हणून /ईटीसी/एन्व्हायर्नमेंटमधील जावा_होम त्याला मिळते. पण पाथ तो स्वतः ठरवतो आणि वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबसाठी (क्रॉनच्या कामांच्या यादीसाठी) तो साधारणपणे /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. क्रॉनटॅबच्या सुरुवातीला पाथची ओळ लिहिता येते, परंतु तेथेही डॉलर चिन्ह उलगडले जात नाही, म्हणून सगळ्या डिरेक्टऱ्या पूर्ण नावाने लिहाव्या लागतात. माझा सल्ला असा की, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्येच पहिल्या काही ओळींत पाथ निश्चित करावा. मग ती स्क्रिप्ट क्रॉनने चालवा, सिस्टमडीच्या टायमरने चालवा किंवा हाताने, ती सगळीकडे सारखीच वागेल. जे काम रात्री कोणी पाहत नसताना होते, त्याने बाहेरच्या वातावरणावर जितके कमी अवलंबून राहावे तितके चांगले.

सुडो हा असाच जाणीवपूर्वक आखडता हात घेणारा प्रोग्राम आहे. एन्व्ह_रीसेट ही सोय मुळातच चालू असल्याने तो वापरकर्त्याची बहुतेक व्हेरिएबल टाकून देतो, आणि सिक्युअर_पाथमुळे पाथही स्वतःचाच वापरतो. हे अडथळ्यासारखे वाटते, पण विद्यार्थ्याच्या हातातील व्हेरिएबल रूटच्या प्रोग्रामपर्यंत जाऊ न देणे हेच त्याचे काम आहे. एखादे व्हेरिएबल खरोखरच पुढे जायला हवे असेल, तर /ईटीसी/सुडोअर्स.डीमध्ये व्हिसुडोच्या साहाय्याने एन्व्ह_कीपची ओळ लिहावी. या फाइलीच्या नावात टिंब नसावे. टिंब असलेली नावे सुडो वाचतच नाही, आणि त्याबद्दल काही बोलतही नाही.

हे सगळे पाहिल्यावर पाथविषयी माझे मत स्पष्ट आहे: एकदोन प्रोग्राम सर्वांना हवेत म्हणून सिस्टमभर पाथ बदलू नये. त्या प्रोग्रामचा सिम्बॉलिक लिंक /यूएसआर/लोकल/बिनमध्ये ठेवावा. ती डिरेक्टरी उबुंटूवर लॉगिनच्या पाथमध्ये असते, सुडोच्या सिक्युअर_पाथमध्ये असते, आणि सिस्टमडीच्या सर्व्हिसनाही दिसते. चार ठिकाणी ओळी लिहिण्याऐवजी एका लिंकने काम होते. फक्त क्रॉनच्या बाबतीत वर सांगितलेली दक्षता घ्यावी. प्रोग्रामला चालण्यासाठी काही व्हेरिएबल लागत असतील, तर लिंकऐवजी तीनचार ओळींची छोटी शेल स्क्रिप्ट तेथे ठेवावी, जी व्हेरिएबल लावून मूळ प्रोग्राम सुरू करील. पाथमध्ये टिंब, म्हणजे चालू डिरेक्टरी, कधीही घालू नये. अनेकांच्या वापरातल्या संगणकावर कोणीही एलएस नावाची स्वतःची फाइल एखाद्या सामायिक डिरेक्टरीत ठेवून दुसऱ्याच्या खात्यातून ती चालवून घेऊ शकतो. त्याच कारणाने एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कोठे शोधायच्या हे सांगणारे व्हेरिएबल) सिस्टमभर लावू नये. लायब्ररीची डिरेक्टरी सांगायची असेल तर /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डीमध्ये फाइल ठेवून एलडीकॉन्फिग चालवावे.

प्रॉक्सीसाठी एचटीटीपी_प्रॉक्सी, एचटीटीपीएस_प्रॉक्सी आणि नो_प्रॉक्सी ही तीन व्हेरिएबल /ईटीसी/एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहावीत, आणि ही नावे, नेहमीच्या रिवाजाविरुद्ध, लहान अक्षरांत असावीत. त्याला कारण आहे. वेब सर्व्हरवरील सीजीआय (सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवण्याच्या) पद्धतीत ग्राहकाने पाठवलेल्या प्रॉक्सी नावाच्या हेडरचे रूपांतर मोठ्या अक्षरांतील एचटीटीपी_प्रॉक्सी या व्हेरिएबलमध्ये होते, म्हणजे बाहेरचा माणूस आपल्या प्रोग्रामला हव्या त्या प्रॉक्सीकडे वळवू शकतो. २०१६ साली एचटीटीपॉक्सी या नावाने ही त्रुटी जगभर गाजली. कर्ल हा प्रोग्राम त्यामुळे एचटीटीपीसाठी फक्त लहान अक्षरांतील नावच मानतो. काही प्रोग्रामना मोठ्या अक्षरांतील एचटीटीपीएस_प्रॉक्सी लागते, ते गरजेनुसार द्यावे. नो_प्रॉक्सीमध्ये लोकलहोस्ट, १२७.०.०.१ आणि महाविद्यालयाचे अंतर्गत डोमेन घालायला विसरू नये, नाहीतर स्वतःच्याच संगणकावरील टॉमकॅटकडे जाणारी विनंतीही प्रॉक्सीकडे धावते. एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामची प्रॉक्सी /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डीमध्ये वेगळी लिहावी, कारण ती सुडोच्या वागण्यावर अवलंबून ठेवणे इष्ट नाही. डॉकरचा (कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामचा) डीमन ही सिस्टमडीची सर्व्हिस आहे, त्याला टॉमकॅटचाच नियम लागू. प्रॉक्सीचा पासवर्ड मात्र या फाइलीत नको: ती प्रत्येक विद्यार्थ्याला वाचता येते. प्रयोगशाळेच्या संगणकांना त्यांच्या आयपी पत्त्यांवरून परवानगी द्या, अशी विनंती नेटवर्क विभागाला करावी.

लोकॅलकडे अधिक लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण मराठीत काम करणाऱ्यांसाठी ही चौकट केवळ सजावटीची नाही. लोकॅल-जेनने एमआर_आयएन (भारतातील मराठी) लोकॅल तयार करून घ्यावा आणि मूल्य /ईटीसी/एन्व्हायर्नमेंटमध्ये न लिहिता अपडेट-लोकॅल कमांडने नोंदवावे. उबुंटूवर ते /ईटीसी/डिफॉल्ट/लोकॅलमध्ये, तर फेडोरावर लोकॅलसीटीएलमार्फत /ईटीसी/लोकॅल.कॉन्फमध्ये जाते. लँग हे सर्वसाधारण मूल्य, एलसी_टाइम तारखांसाठी, एलसी_कोलेट वर्णक्रमासाठी अशी विभागणी आहे, आणि संपूर्ण मराठी वातावरण नको असल्यास लँगला ईएन_आयएन (भारतातील इंग्रजी) देऊन फक्त हवे ते घटक मराठी ठेवता येतात. वर्णक्रमाचे उदाहरण पाहा. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे, तर आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. कोलेटचे मूल्य सी, म्हणजे भाषानिरपेक्ष मूळ मांडणी, असेल तर सॉर्ट ही कमांड निव्वळ तक्त्याप्रमाणे क्रम लावते. म्हणून लोकॅल लावल्यावर ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि जोडाक्षरे असलेल्या नावांची छोटी यादी सॉर्ट करून क्रम प्रत्यक्ष पाहावा.

याच्या उलट, जी स्क्रिप्ट आधी सॉर्ट आणि मग जॉइन किंवा कॉम (क्रम लावलेल्या दोन फाइली जुळवणाऱ्या कमांड) वापरते, तिच्यातील सर्व पायऱ्यांना एकच वर्णक्रम मिळायला हवा. अशा स्क्रिप्टच्या आरंभी एलसी_ऑल=सी लिहून एक्सपोर्ट करावे. स्क्रिप्टबाहेर, सिस्टमच्या फाइलीत, एलसी_ऑल कधीही लिहू नये. ते बाकीच्या सर्व एलसी व्हेरिएबलवर मात करते आणि वापरकर्त्याने केलेली निवड निष्फळ ठरवते. एसएसएचने दुसऱ्या संगणकावर गेल्यावर लोकॅलच्या चुका दिसत असतील, तर डेबियन व उबुंटूचा एसएसएच आपल्याकडील लँग आणि एलसी व्हेरिएबल पलीकडे पाठवतो, हे लक्षात घ्यावे. पलीकडे मराठी लोकॅल तयार केलेला नसतो, म्हणून तेथील प्रोग्राम तक्रार करतात.

वेळेसाठी टीझेड व्हेरिएबल लावू नये. टाइमडेटसीटीएलने एशिया/कोलकाता हा विभाग निवडावा; मुंबईसाठी त्या यादीत वेगळे नाव नाही. टीझेडमध्ये हाताने आयएसटी लिहून +५:३० जोडणाऱ्यांची घड्याळे उलट्या दिशेला जातात, कारण त्या जुन्या पद्धतीत ग्रिनिचच्या पूर्वेकडील प्रदेशांसाठी उणे चिन्ह असते.

बदल पोहोचला की नाही हे तपासताना स्वतःच्या टर्मिनलमधील प्रिंटएन्व्हवर विसंबू नये. ते फक्त त्या टर्मिनलविषयी सांगते. टॉमकॅटचा प्रोसेस क्रमांक शोधून /प्रॉकमधील त्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतील एन्व्हायरॉन ही फाइल रूट म्हणून वाचावी. तिच्यातील नोंदी शून्य बाइटने विभागलेल्या असतात, म्हणून टीआर कमांडने त्या जागी नवी ओळ घालून पाहावे. प्रोसेस सुरू होताना तिला काय मिळाले, हे तेथे दिसते. पुढे प्रोग्रामने स्वतः केलेले बदल त्यात येत नाहीत, पण आपल्याला हवे असते ते सुरुवातीचेच चित्र.

शेवटी कार्यपद्धतीबद्दल. सर्व संगणकांवर हाताने ओळी लिहू नका. एका संगणकावर पक्के करून मग अँसिबलने (अनेक संगणकांवर एकसारखे बदल करणाऱ्या साधनाने) त्याच फाइली सगळीकडे पाठवा. पहिल्या संगणकावर बदल करताना रूटचे एक टर्मिनल उघडे ठेवा आणि दुसऱ्या खात्याने नव्याने लॉगिन करून पाहिल्याशिवाय ते बंद करू नका. पाथची ओळ बिघडून कमांड सापडेनाशा झाल्या, तरी प्रोग्राम जागेवरच असतात. /यूएसआर/बिन/सुडो आणि त्यापुढे /यूएसआर/बिन/नॅनो अशी पूर्ण नावे देऊन फाइल उघडता येते आणि ओळ दुरुस्त करता येते. ग्राफिकल लॉगिनच होत नसेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या पडद्यावर जावे व तेथून हेच करावे.